ठकूआत्यानं बघितलेली तीन कॉलेजं

मार्गासनीतून निघून पुन्हा मार्गासनीत येईपर्यंत आम्ही तीन कॉलेजं बघितली. एक मुंबईचं, एक दक्षिणेकडचं आणि एक पुण्याचं. आणि एवढं सगळं बघूनही भोर-वेल्ह्याच्या बाहेर पाऊल टाकलं नाही! भोरच्या शाळेतल्या माझ्या मैत्रिणींना हे काही केल्या पटत नाही. "कॉलेजात न जाता कॉलेज कसं गं बघितलंस?" म्हणून माझी वेणी ओढतात. प्रत्येकीला वेगळं सांगत बसायला मला जीभ एकच आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

झालं असं की मी मॅट्रिक पास झाले, आणि नुसती पास नाही, चांगली वर आले. हेडमास्तर भोरहून खास मार्गासनीला आले आणि आमच्या आबांना म्हणाले, "पाटील, सगुणाला घरी बसवू नका. असे मार्क पडलेल्या मुलांना कॉलेजं स्वतःहून शिष्यवृत्ती देतात. फी माफ, काही ठिकाणी राहणं-जेवणसुद्धा. फक्त कुठलं काय देतं ते नीट बघून निवडा." आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "एकांदं कालेज समदं करत आसंल तर शिकू दे. न्हाईतर दिवाळी झाली की लगीन. आनि कुठलं बरं, कुठलं वाईट, ते आक्का ठरवंल. तिला त्यातलं कळतं."

आक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, माझी ठकूआत्या. तिला अक्षर एक येत नाही. पण गुंजवणीच्या खोऱ्यातली निम्मी लग्नं तिनं जमवलेली. तिनं जमवलेलं लग्न मोडल्याचं कुणी ऐकलेलं नाही, कारण मोडून आत्यापुढं उभं राहायची कुणाची छाती होत नाही. माझं भवितव्य अशा बाईच्या पदरात पडलं!

आत्यानं लगेच मोहीम आखली. "स्थळाची खरी खबर कुनापाशी असती? सासूपाशी? सासू ग्वाडच बोलनार. खबर सुनंपाशी असती. त्या त्या कालेजात नांदून आल्यात, अशा सुना हुडकायच्या."

"अगं आत्या, ते सगळे पुरुष आहेत!"

"मंग? सून ती सून. मिशा असल्या म्हनून काय झालं?"

आणि निघता निघता, चपलेत पाय घालताना, अगदी सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "जाता जाता आंबवड्याचं एक घर बी बघून घिऊ. पोरगा बरा हाय म्हनत्यात. वाटंतच हाय." आता आंबवडे भोरच्याही पलीकडं. आमच्या वाटेत ते कुठून येणार? पण आत्याच्या वाटा अशाच असतात. मी मुकाट निघाले.

कॉलेजांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. नाकारलेल्या स्थळाचं नाव चारचौघांत घेऊ नये, असं आत्याचं म्हणणं आहे.

वेल्हे

मार्गासनीहून वेल्ह्याला आम्ही चालत गेलो. जेठाचं ऊन, तोरणा समोर ठाकलेला, तो काही केल्या जवळ येईना. वाटेत जांभळीखाली खच पडला होता. आत्या म्हणाली, "खाऊ नगंस, मानसांत जायाचंय." पण ती पुढं गेली की मी मागं वाकायची. परिणामी वेल्ह्याच्या कचेरीतल्या अव्वल कारकुनांच्या ओटीवर बसले तेव्हा माझी जीभ, ओठ आणि पदराचं टोक असं सगळं जांभळं. आत्यानं मला असा चिमटा काढला की तोही जांभळा झाला.

हे अव्वल कारकून म्हणजे आमची पहिली सून. मुंबईच्या एका मोठ्या कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिकून आलेले. मिशा भरघोस. आत्यानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि थेट विचारलं, "सासू कशी हुती?"

"कुणाची?" त्यांनी आधी घरात पाहिलं. आत दाराआड त्यांची बायको उभी होती.

"कालेजाची!"

मी मध्ये पडून सगळं समजावून सांगितलं. मग त्यांची कळी जी खुलली! असं कुणी त्यांना कधी विचारलंच नव्हतं बिचाऱ्यांना. म्हणाले, शिष्यवृत्ती घसघशीत, इतकी की पहिल्या वर्षी घरी मनिऑर्डर केली. पण ती एकाच वर्षाची. दुसऱ्या वर्षी पुन्हा साऱ्या मुंबईच्या हुशार पोरांशी टक्कर. आणि मुलींच्या राहण्याची सोय कॉलेज करत नाही, ओळखीचं घर आपलं आपण शोधायचं. "माझी तर दरवर्षी धाकधूक," ते म्हणाले.

"अजून स्वप्नात पेपर लिहितात," दाराआडून आवाज आला. "काल माझ्या पाठीवर लिहीत होते."

आत्या खो खो हसली. गुळाचा चहा झाला, जगभर लढाई पेटलेली, त्यामुळं साखर कुठंच नाही. मग नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं. आमच्याकडं पाहुण्याला नाचणी वाढली तर पाहुणा रुसतो. वेल्ह्यात मात्र ती आग्रहानं वाढतात, आणि खरं सांगू, रुसणारे खुळे आहेत. बाहेर पडल्यावर आत्यानं निकाल दिला. "पैलं साल लई लाडाचं, आनि दुसऱ्या सालापास्नं सून रोज परीक्षेला उभी. नगं बया."

वरवे बुद्रुक

वरव्याला आम्ही एका ओळखीच्या बैलगाडीतून गेलो. तिथली सून विहिरीच्या धावेवर उभी राहून मोट हाकत होती. बी.ए. झालेला माणूस मोट हाकताना मी पहिल्यांदाच पाहिला. मोटेवरचं गाणं मात्र कॉलेजात शिकलेलं नव्हतं, ते मला नीट कळलं आणि आत्यानं कान झाकायला लावले.

हे दक्षिणेकडच्या कॉलेजात शिकलेले. आत्यानं सासूचा प्रश्न विचारताच ते जराही गोंधळले नाहीत. मोट थांबवून म्हणाले, "लई मायेची सासू, आत्याबाई. फी न्हाई, जेवान फुकट, आजारी पडलो तर मास्तर उशाला बसून कांजी पाजत." आत्याचे डोळे चमकले. "पर एक हाय. पदवी झाली की त्यांच्याच शाळेत शिकवायला ऱ्हायाचं. किती वर्सं, ते आधी कबूल करून द्यायाचं. पगार जेमतेम. माझी मुदत संपली तवा घरला आलो, तर भावकीनं वळखलं न्हाई."

"म्हंजी घरजावई!" आत्या म्हणाली.

"घरजावईच म्हना. पर मला गोडी लागली हुती. तिथली पोरं अजून आठवत्यात," ते म्हणाले, आणि थोडा वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले.

त्यांनी पाडाचे आंबे कापून दिले. आम्ही आंबा चोखतो, वरव्यात फोडी करतात. आत्याच्या मते फोडी करणारी माणसं हात आखडून असतात, पण यांनी पाटीभर आंबे बांधून दिल्यावर तिला मत बदलावं लागलं. "कालेज बी वाईट न्हाई," ती गाडीत म्हणाली. "पर पोरगी परत यायाची न्हाई. आबा रडंल."

भोर

आता राहिलं पुण्याचं. त्यासाठी सून शोधायची गरज नव्हती, प्रत्यक्ष सासूच भोरला आली होती. त्या कॉलेजचे सेक्रेटरी दर उन्हाळ्यात गावोगाव फिरून हुशार मुलं शोधतात, आणि त्यांचा मुक्काम इथल्या एका वकिलांकडं होता. हेडमास्तरांनी आमची वेळ ठरवून ठेवली होती.

सेक्रेटरी म्हणजे काटकुळे, चष्मा लावलेले, ताठ बसलेले गृहस्थ. हसत नाहीत, पण रागावलेलेही वाटत नाहीत. त्यांनी मला विचारलं, "कॉलेजात येऊन काय शिकायचं आहे?"

"गणित."

"का?"

"मला त्यात मजा येते. आणि मजा करायला कुणी पैसे देत असेल तर नाही कशाला म्हणू?"

आत्यानं कपाळावर हात मारला. पण सेक्रेटरींचा चष्मा किंचित हलला. तो त्यांचा हसण्याचा प्रकार असावा. मग त्यांनी मला गणितं घातली. मी सोडवली. एक चुकलं, ते त्यांच्या आधी मीच सांगितलं. त्यानंतर ते सरळ म्हणाले, "फी, वसतिगृह, जेवण, पुस्तकं, सगळं कॉलेज करील. पदवी होईपर्यंत. दोन अटी आहेत. पहिला वर्ग टिकवायचा, आणि पदवी होईपर्यंत लग्न करायचं नाही. मुलीसाठी यंदा एकच जागा आहे. तुम्ही हो म्हणालात तर इथंच ठरलं."

माझं काळीज असं उडालं की ते वकिलांच्या ओटीवर पडतंय की काय असं वाटलं! पदवीपर्यंत! आबांनी म्हटलं होतं तसं, समदं! मी आत्याकडं पाहिलं. आत्यानं पदर सावरला, मान जराशी वाकडी केली, आणि जे बोलली ते ऐकून मी गार झाले.

"बघू. घरी इचारून कळवू. अजून दोन ठिकानी बोलनं चाललंय आमचं."

"बरं. हरकत नाही," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी बॅगेचं झाकण लावलं. "मी उद्या सकाळच्या मोटारीनं निघतो. शिरवळला दुसरी एक मुलगी बघायची आहे."

बाहेर आल्यावर मी आत्याला अक्षरशः हलवलं. "आत्या, काय केलंस हे!"

"खुळी का काय तू? पैल्या खेपेला व्हय म्हनलं की पोरीचं मोल जातं. मुलीकडच्यांनी दोनदा न्हाई म्हनायचं असतं. मंग त्येंचा निरोप येतो, मंग आपुन इचार करतो, मंग व्हय. समदी दुनिया असंच करती. शिरवळचं नाव घेतलं ते बी त्येच! आपल्याला धाक घालाया. बघ, उजाडायच्या आत निरोप आला न्हाई तर नावाची ठकू न्हाई."

मला तिचं निम्मं पटलं, निम्मं नाही. पटलं ते एवढ्यासाठी की आजवर आत्याचं असलं काही चुकल्याचं मी पाहिलं नव्हतं. वकिलांच्या गड्याला ती सांगूनही आली, "आमचा मुक्काम आंबवड्याला हाय बरं का. निरोप तिथं धाडा."

आंबवडे

आंबवड्याचा झुलता पूल मी आधी पाहिला होता, आत्यानं नाही. तिनं पुलावर पाऊल टाकलं, पूल हलला, आणि तिनं माझी वेणी जी धरली ती पलीकडं जाईपर्यंत सोडली नाही. डोळे मिटून "नागेश्वरा, नागेश्वरा" करत होती. मधोमध मी मुद्दाम थोडा हिसका दिला. कॉलेजचा राग होता, तो कुठंतरी काढायलाच हवा होता.

पोराचं नाव दौलत. वडील नाहीत, आई आणि तो. घर चांगलं, गोठा त्याहून चांगला. मला पाटावर बसवलं, चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. मग त्याची आई म्हणाली, "शिकलेली हाय म्हनं. आमचं काय म्हननं न्हाई त्येला. पर घरात वाचत बसायाचं न्हाई. भाकरी येती का?"

"येते," मी म्हणाले. "गोल येते, पण दरवेळी गोल येईल असं नाही."

दौलतला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. त्याच्या आईनं मानपान काय हवा ते सांगितलं, कापडचोपड सांगितलं, आणि शेवटी मान जराशी वाकडी करून म्हणाली, "बघू. अजून दोन ठिकानी बोलनं चाललंय आमचं."

आत्यानं मला कोपर मारलं. "पसंत हाय!" ती कुजबुजली. मला हसावं की रडावं ते कळेना. सकाळी आत्या जे बोलली तेच ही बाई अक्षर न अक्षर बोलली होती.

जेवणं झाली. शेवयाची खीर, कुरडया, आंबेमोहोरचा भात. कुरडई आंबवड्याची, तिच्यापुढं आमची मार्गासनीची म्हणजे नुसतं तळलेलं पीठ. दिवेलागणीला आम्ही अंगणात बसलो. तेव्हा कळलं की दौलतही पुण्याच्या त्याच कॉलेजात एक वर्ष होता, वडील गेले म्हणून परतला. आत्यानं लगेच त्याला सून करून टाकलं आणि सासूची चौकशी आरंभली. तो मनापासून बोलत होता. तिथलं वाचनालय, तिथल्या टेकड्या, न ओरडता शिकवणारे मास्तर. ऐकता ऐकता मला त्या पोराची कीव आली आणि हेवाही वाटला.

"आनि त्यो सेकेटरी?" आत्या खुशीत येऊन म्हणाली. "त्येला आज असा तानला म्या! म्हनलं, घरी इचारून कळवू, दोन ठिकानी बोलनं चाललंय."

दौलत सुपारी तोंडात टाकणार होता, तो थांबला. "आत्याबाई, त्यांना असं म्हनलात?"

"मंग! रीतच हाय."

"त्यांचं लगीनच झालेलं न्हाई. जन्मभर एकटे. त्यांना असल्या रीती कोन शिकवनार? बोलाल ते त्यांना खरंच वाटतं. एकदा माझ्या सोबत्यानं पंगतीत 'नको, नको' म्हनलं, रीत म्हनून. तर त्यांनी त्याच्यापुढचं ताट उचलून नेलं. रात्रभर उपाशी होता बिचारा."

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. "आगं बया बया! लगीनच न्हाई? म्हंजी त्येला वाटलं, आपुन खरंच न्हाई म्हनलो?"

"तसंच वाटलं असनार."

इथं मी काही गंमत करून सांगणार नाही. मी रडले. परक्याच्या अंगणात, मला पाहायला बसलेल्या पोरासमोर, हुंदके देऊन रडले. मला कॉलेजात जायचं होतं. गणित शिकायचं होतं. आणि ते एवढ्याशा वाकड्या मानेपायी गेलं होतं.

आत्यानं पदरानं माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "सगुणे, हितं म्हनत्यात, मानपान तुमी करा, आनि वर पोरीनं शिकलेलं इसरायचं. तिथं म्हनत्यात, पोरगी द्या, खर्च आमचा, आनि तिनं अजून शिकायचं. म्या एवढी स्थळं बघितली, पर पोरगी मागून वर पैसं देनारं हे पैलंच. आनि म्या त्येला बघू म्हनलं!"

"पहाटं बैल जुंपतो," दौलत म्हणाला. "मोटार गाठू."

मी त्याच्याकडं पाहिलं. तो उठून गोठ्याकडं निघालासुद्धा होता.

पुन्हा भोर

बैल चांगले होते, रस्ता नव्हता. आंब्यांची पाटी ओढ्यात सांडली, आत्याचा कपाळमोक्ष होता होता टळला, आणि उजाडताना नीरेच्या काठी पोचलो तर मोटार उभी! पेट्रोल मिळत नाही म्हणून हल्ली तिला मागं कोळशाची भट्टी लावलेली असते. क्लीनर भट्टीचा पंखा गरागरा फिरवत होता आणि मोटार नुसती खोकत होती. लढाईनं आमचं एवढं एक काम केलं.

सेक्रेटरी खिडकीशी बॅग मांडीवर घेऊन ताठ बसलेले. आत्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागं, माझ्या मागं दौलत, हातात कासरा. आत्यानं पदर सावरला आणि सुरू केलं, "रामराम सायेब. मुक्काम बरा झाला न्हवं? उन्हाळा यंदा लई. आमी आपलं हिकडं आलोच हुतो, म्हनलं बघावं. तसं आमचं काय अडलेलं न्हाई..."

तिची मान पुन्हा वाकडी होऊ लागली होती! सरळ व्हय तिच्या तोंडातून निघेना. इतक्या वर्षांची सवय. भट्टीनं मोठा ढेकर दिला, मोटार थरथरली, क्लीनर पायरीवर चढला.

"आत्या, गप!" मी ओरडले. "साहेब, मला पसंत आहे! मी येते!"

मोटारीतल्या सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मुलीनं स्वतःच्या तोंडानं "पसंत आहे" म्हणायचं, तेही भर स्टँडवर! मागच्या बाकावरच्या एका म्हातारबांनी माझ्याकडं बघितलं, कासरा धरलेल्या दौलतकडं बघितलं, आणि म्हणाले, "वा जावईबापू, बेस झालं!" दौलत कानापर्यंत लाल झाला.

सेक्रेटरी म्हणाले, "पण काल तुम्ही नाही म्हणालात."

"ते नाही म्हणजे हो होतं, साहेब."

"मग हो का नाही म्हणालात?" त्यांनी अगदी खरंच विचारलं. मग ते आत्याकडं वळले. "घरी विचारून कळवणार होता. विचारलंत घरी?"

आणि आता आत्या फसली. घर राहिलं मार्गासनीला. मोटार निघालेली. हा माणूस असा, की नाही म्हटलं तर नाहीच धरणार. आणि आबांनी निवड आत्यावर सोपवली असली तरी त्यांना न सांगता मुलगी कबूल करून टाकणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा. मी आत्याचा हात धरला.

आत्यानं मान सरळ केली. "घर म्हंजी मीच," ती म्हणाली. "व्हय. पोरगी दिली."

"मग ठरलं. कॉलेज उघडेल त्या दिवशी या." मोटार निघाली. म्हातारबा दौलतकडं बघून हात हलवत राहिले.

धूर विरला तरी आत्या तिथंच उभी होती. मी तिला मिठी मारली, भर रस्त्यात, आणि पुन्हा रडले. ती म्हणाली, "सोड, गुदमरतंय. असं उघडं व्हय म्या जन्मात म्हनलं न्हवतं. अंगावर कापड नसल्यावानी वाटाया लागलंय."

दौलत बैलांपाशी घुटमळत होता. शेवटी म्हणाला, "आत्याबाई, आईला काय सांगू?"

"खरं ते सांग," आत्या म्हणाली. "म्हनावं, ठकूनं पोरगी दुसरीकडं दिली. तिकडं हुंडा त्येच देत्यात."